ध्वनिमुद्रणावरचा अखेरचा हात

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने अंतराळात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर मानवजातीच्या संगीताचा नमुना म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसविण्यात आली. तिच्यावर गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. मराठी माणसाला ही गोष्ट अभिमानाची वाटते आणि ती वारंवार सांगितलीही जाते. त्या तबकडीची दुसरी एक हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवावी, सुई कोठे टेकवावी आणि एक फेरा किती वेळात पुरा व्हावा, याच्या खुणा कोरलेल्या आहेत. फेऱ्याला ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे, हा तो वेग. आता परग्रहावर कोणी असलाच, तर त्याला आपला सेकंद कसा कळावा? म्हणून तो काळ हायड्रोजनच्या अणूत घडणाऱ्या एका ठरावीक संक्रमणाच्या मापाने सांगितला आहे. वेग चुकला तर गाणेही चुकले, हे ती तबकडी सिद्ध करणाऱ्यांनी ओळखले होते.

ज्यांचे अस्तित्वच अनिश्चित, अशा श्रोत्यांची एवढी चिंता वाहिली गेली. त्याच केसरबाईंच्या, त्यांच्या समकालीनांच्या आणि त्यांच्याही आधीच्या पिढीच्या लाखेच्या तबकड्यांतील गाणे आज कोणाच्याही भ्रमणध्वनीवर क्षणार्धात ऐकता येते. परंतु ते कोणत्या वेगाने, कोणत्या सुईने आणि कोणत्या प्रतीवरून उतरविले, त्यातून काय काढून टाकले आणि त्यात काय वाढविले, हे सांगणारी एक ओळही बहुधा सोबत नसते. हा सगळा हलगर्जीपणाच आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात ‘मास्टरिंग’ नावाची एक स्वतंत्र कला आहे आणि गाण्याचे भलेबुरे बऱ्याच अंशी तिच्या हाती असते, याची जाणीवच आपल्याकडे क्षीण आहे, हे त्याचे खरे कारण होय.

गायक गातो, ध्वनिमुद्रक मायक्रोफोनची मांडणी करतो, निरनिराळे टिपलेले आवाज योग्य प्रमाणात एकत्र करून मिश्रण सिद्ध केले जाते. सर्वसाधारण श्रोत्याच्या समजुतीप्रमाणे काम येथे संपते. वस्तुतः यानंतरची पायरी सर्वांत अवघड असते. सिद्ध झालेले मिश्रण अशा एका माणसाकडे जाते, ज्याने आधीच्या कामात सहसा भाग घेतलेला नसतो आणि म्हणूनच ज्याचे कान ताजे असतात. ऐकण्याच्या खोलीच्या गुणदोषांमुळे कोठे मंद्रातला घुमारा वाजवीपेक्षा जास्त झाला आहे, कोठे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत आहेत, एका गाण्यानंतर दुसरे लागले की आवाज एकदम खाली बसतो आहे काय, दोन गाण्यांत किती क्षणांची शांतता असावी, हे सारे तो पाहतो. त्याचे फेरफार बहुधा एकदोन डेसिबलांचे असतात. वेगळे काढून दाखविले तर ते सामान्य कानाला जाणवणारही नाहीत. एकत्र आले की मात्र गाण्यावरचा पातळसा पडदा दूर झाल्यासारखा वाटतो. श्रोता म्हणतो, गायकाचा आवाज काय लागला आहे! त्या उद्गारात या माणसाचाही वाटा असतो. त्याला तो कधी मिळत नाही, एवढेच.

या कलेचा जन्म झाला तो एका यांत्रिक अडचणीतून. पूर्वी मेणाच्या आणि पुढे लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर आवाजाची खाच प्रत्यक्ष कोरावी लागे. तिच्यावर धातूचा थर चढवून साचे काढीत आणि त्या साच्यांनी तबकड्या छापीत. ही मूळ चकती म्हणजेच ‘मास्टर’. ती कोरणाऱ्याला निसर्गाच्या नियमांशी तडजोड करावी लागे. खर्जाचा ध्वनी खाचेला रुंद वळणे घ्यावयास लावतो. तो आहे तसा कोरला तर शेजारच्या खाचा एकमेकींत घुसतात. म्हणून कोरताना खर्ज दाबावयाचा आणि टीप उंचवावयाची, वाजविताना त्याच्या उलट करावयाचे, अशी पद्धत पडली. या उलटापालटीचे प्रमाण अमेरिकेत १९५४ मध्ये ठरले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा असे. त्यामुळे जुनी तबकडी आजच्या यंत्रावर नुसती ठेवली की ती आपोआप खरे बोलते, ही समजूत मुळातच चुकीची आहे.

१९४८ मध्ये अवतरलेल्या दीर्घवादनी तबकडीने, म्हणजे एल.पी.ने, ख्याल गायकांची तीन-साडेतीन मिनिटांच्या पिंजऱ्यातून सुटका केली. पण तिनेही एक पेच निर्माण केला. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते. तथापि बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जेवढी खाच सरकते, त्याच्या निम्म्याहून कमी खाच आतल्या फेऱ्यांत सरकते. थोड्या जागेत तेवढाच मजकूर लिहावा लागल्यासारखे हे होते, आणि साहजिकच तेथे अक्षरे चिरडतात. आता ख्यालाचा क्रम आठवावा. आरंभी संथ आलाप, शेवटी द्रुत लय, तानांचा वर्षाव, तबल्याची जोरकस साथ. म्हणजे जेथे जागा ऐसपैस तेथे शांतता, आणि जेथे जागा सर्वांत अपुरी तेथे सर्वांत मोठा गजर. पाश्चात्त्य सिंफनीच्या जल्लोषी समारोपालाही हाच शाप होता. अशा वेळी संपूर्ण बाजूचा आवाज आधीपासूनच किंचित उतरवावयाचा, की आलाप भरदार ठेवून द्रुत थोडी दाबावयाची, हा निर्णय कोरणाऱ्याला करावा लागे. तो निर्णय वरकरणी तांत्रिक, पण घ्यावयाचा तो गाणे समजूनच.

हा कारागीर किती काठावर चालतो, हे रॉक संगीताच्या इतिहासातील एका प्रसिद्ध प्रसंगावरून कळते. १९६९ मध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश वाद्यवृंदाची दुसरी तबकडी बॉब लडविग या तरुण तंत्रज्ञाने अत्यंत भरदार कोरली. कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीच्या स्वस्तातल्या वादकावर मात्र सुई उड्या मारू लागली. त्यामुळे तबकडी पुन्हा, सौम्य आवाजात कोरून घेण्यात आली, असे लडविग यांनीच पुढे सांगितले आहे. ज्यांच्या शेवटच्या खाचेजवळ त्यांची ‘आर. एल.’ ही आद्याक्षरे आहेत त्या पहिल्या प्रती आज संग्राहक भारी किमती देऊन मिळवितात. कलाकृती श्रेष्ठ, पण ज्या घरात ती वाजावयाची तेथे ती वाजेना! श्रोत्याचे यंत्र कसे आहे याचा विचार करणे हाही या कलेचाच एक भाग आहे.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि खाचेची, खर्जाची, सुईची सारी बंधने गळून पडली. हलक्यात हलका आणि मोठ्यात मोठा ध्वनी यांच्यात सुमारे ९६ डेसिबलांचे अंतर ठेवता येईल, एवढा अवकाश प्रथमच हाती आला. या अवकाशाचा उपयोग संगीताला मोकळा श्वास देण्यासाठी व्हावयास हवा होता. घडले ते नेमके विपरीत. दोन गाणी लागोपाठ ऐकविली तर अधिक मोठ्या आवाजातले कानाला क्षणभर अधिक चांगले वाटते, या मानवी दौर्बल्याचा व्यापाऱ्यांनी लाभ घेतला. कंप्रेशन आणि लिमिटिंग या क्रियांनी उंच ध्वनी दाबून सगळेच वर उचलण्याची चढाओढ लागली. २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाच्या संग्रहाच्या बाबतीत तर चाहत्यांनीच बंड केले. तीच गाणी एका संगणकीय खेळात अधिक मोकळी ऐकू येत होती, म्हणून मूळ संग्रह पुन्हा नीट सिद्ध करावा, अशा निवेदनावर हजारो सह्या झाल्या. मास्टरिंग करणाऱ्याचे म्हणणे असे की, मिश्रण त्याच्या हाती आले तेव्हाच ते चेपलेले होते.

रॉक संगीताला हे एक वेळ सोसेल. ख्यालाला मुळीच सोसत नाही. गायकाने स्वर लावला की यंत्र सगळा ध्वनी खाली दाबते आणि तो श्वास घेण्यासाठी थांबला की पकड ढिली करते. परिणाम असा होतो की, प्रत्येक विरामात तानपुरा एकाएकी अंगावर धावून येतो आणि स्वर लागताच मागे पळतो. जो तानपुरा अचल म्हणून आधार, तोच हेलकावे खाऊ लागतो. मंद्रातली कुजबूज आणि तार षड्जाची पुकार एकाच उंचीवर येतात. गायकाने पाऊण तास खपून जो चढ रचला, तो यंत्राच्या एका बटणाने सपाट होतो. समाधानाची गोष्ट एवढीच की, २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ध्वनीचा सरासरी मोठेपणा मोजण्याचे प्रमाण ठरविले. त्या धर्तीवर बहुतेक मोठ्या स्ट्रीमिंग सेवा आज सर्व गाणी एका पातळीवर आणून ऐकवितात. ओरडून बोलणाऱ्याचा लाभ त्यामुळे बराचसा नाहीसा झाला आहे. सवय मात्र गेलेली नाही.

तथापि नव्या संगीताची चूक उद्या दुरुस्त होऊ शकते. मूळ मिश्रण जपलेले असले म्हणजे झाले. जुन्या तबकड्यांचे तसे नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले; त्यांचा आवाज कोठेही मुद्रित झालेला उपलब्ध नाही. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात असूनही त्यांची तबकडी नाही. त्यामुळे ज्यांच्या तबकड्या आहेत, त्यांच्या त्या तीन-तीन मिनिटांवर सबंध कालखंडाच्या गायकीचा अंदाज बांधावा लागतो. हा पुरावाच भ्रष्ट झाला तर?

वेगाचेच उदाहरण घ्यावे. फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मेणावर टिपले. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदहचा कारखाना सुरू होईपर्यंत येथले मुद्रण छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जाई. तबकडीच्या अखेरीस गौहरजान आपले नाव इंग्रजीत पुकारीत, ते तेथल्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून. त्या काळी मुद्रणयंत्राचा वेग कंपनीगणिक आणि बैठकीगणिक बदले. मिनिटाला सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही. ७८ हा आकडा नंतर स्थिरावला. आता ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजविली तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो. लय वाढते, तान अधिक चपळ भासते, आवाजाचे वजन घटून तो पातळ होतो. अब्दुल करीमखाँ यांनी शतकाच्या आरंभी तबकड्या दिल्या आणि पुन्हा १९३७ मधील निधनापूर्वीच्या काही वर्षांत ओडियन कंपनीसाठी गायिले. या दोन टप्प्यांतील तबकड्या एकाच वेगाने लावून ‘तरुणपणी आवाज असा होता, उतारवयात असा झाला’ असे निष्कर्ष काढणाऱ्याने आपण गायकाचे वय मोजतो आहोत की मोटारीचा वेग, हे आधी तपासलेले बरे.

मग खरा वेग ठरवावयाचा कसा? येथे यंत्र थकते आणि जाणकाराचे काम सुरू होते. मराठी नाट्यसंगीताच्या तबकड्यांत ऑर्गन असतो, तो मोठाच दुवा. ऑर्गनच्या पट्ट्या ठरलेल्या. त्याचा स्वर दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळू लागला की वेग चुकला आहे, हे निश्चित. अर्थात सगळे ऑर्गन एकाच मापाने जुळविलेले नसत, आणि अर्ध्या सुराची चूक झाली तर स्वर पुन्हा पट्टीवरच येतो. म्हणून एवढ्याने भागत नाही. गायक कोणत्या पट्टीत गात असे याच्या आठवणी, त्याच बैठकीतील इतर तबकड्या, उच्चारांचा नैसर्गिक वेग, सारंगी आणि तबला यांचा पोत, ही सारी साक्ष तपासावी लागते. बालगंधर्वांचे गाणे ज्याच्या कानात मुरलेले नाही, अशा माणसाने केवळ पडद्यावरच्या आलेखाकडे पाहून हे काम करू नये.

वेगानंतर तबकडीचे छिद्र. ते पुष्कळदा नेमके मध्यभागी नसते. तसे नसले की मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचा स्वर सेकंदाला सव्वा वेळेहून थोडा अधिक वर-खाली झोके खातो. लांबवलेल्या षड्जाला त्यामुळे असा काही कंप येतो की, अनभिज्ञ श्रोत्याने त्याला आंदोलन म्हणावे! तबकडी हलकेच सरकवून केंद्र साधणे, हा त्यावरचा साधा उपाय. तो न केल्यामुळे किती गायकांच्या पदरी नसलेला दोष, अथवा नसलेला गुण, पडला असेल याची गणती नाही. सुईचेही तसेच. एल.पी.ची सुई एक सहस्रांश इंच जाडीची, ७८ ची तीन सहस्रांश. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन तेथला केर-कचरा वाचीत बसते आणि खरखर दुणावते. उलट निरनिराळ्या जाडीच्या सुया लावून पाहिल्या, तर पोलादी सुयांनी न झिजलेली खाचेची एखादी पातळी सापडते आणि आवाज अनपेक्षितपणे स्वच्छ होतो. ही सफाई संगणकापर्यंत जाण्याच्या आधीची आहे, आणि तिच्यात गाण्याचा एक कणही गमवावा लागत नाही.

यानंतर जी उरते ती खरखर. लाखेत मिसळलेल्या दगडाच्या भुकटीमुळे ती मूळचीच असते. संगणकाला तिचा थोडा नमुना ऐकविला की तो तशा प्रकारचा सारा ध्वनी पुसून टाकतो. पण संगणकाला खरखर आणि संगीत यांतला भेद ठाऊक नाही. जे अखंड, क्षीण आणि वरच्या पट्ट्यांत पसरलेले, ते त्याच्या लेखी सारे निरुपयोगी. तानपुऱ्याची जवारी अशीच असते. सारंगीवर गजाचा घासला जाणारा स्पर्श, चाटेवरच्या बोलाची धार, गायकाचा श्वास, शब्दाच्या अखेरीस विरणारा ‘स’, हे सारे त्याच वस्तीत राहते. हात सैल सुटला की खरखर जाते आणि तिच्याबरोबर बैठकही जाते; मागे राहतो तो पाण्याखालून आल्यासारखा, कडा झडलेला आवाज. पहिल्या क्षणी तो ‘स्वच्छ’ वाटतो, हीच त्यातली फसवणूक. कान थोड्या वेळाने खरखरीच्या पलीकडचे ऐकावयास आपोआप शिकतो. पुसून गेलेले मात्र तो परत आणू शकत नाही.

म्हणून तबकडीला हातच लावू नये, असा टोकाचा पक्ष काही संग्राहक घेतात. तोही ग्राह्य धरता येत नाही. विद्युत-मुद्रण १९२५ पासून रूढ होण्यापूर्वी गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. त्या कर्ण्याची स्वतःची घुमण्याची खोड आवाजात मिसळलेली आहे आणि ती गायकाची नव्हे. ती ओळखून हलक्या हाताने कमी करणे, एकेक टिचका निवडून काढणे, दबलेला मधला स्वर किंचित उचलणे, यांमुळे गायक आपल्या अधिक जवळ येतो. प्रश्न हात लावावा की नाही हा नसून तो कोणाचा आणि किती, हा आहे. बीटल्सच्या संपूर्ण ध्वनिमुद्रणांचे नवे मास्टरिंग २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील तंत्रज्ञ त्यासाठी चार वर्षे खपत होते, आणि एकूण ५२५ मिनिटांच्या संगीतापैकी खरखर घालविण्याचे तंत्र त्यांनी पाच मिनिटांहूनही कमी भागावर वापरले. मूळ फिती उत्तम होत्या, हे खरे. लाखेच्या तबकडीला एवढी चैन परवडणार नाही. परंतु हाताशी सर्व साधने असताना त्यांचा उपयोग न करण्याचा जो निश्चय तेथे दिसतो, तो आपल्याकडच्या किती रूपांतरांत दिसतो?

आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्व हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. जुन्या तबकड्यांची सारी दौलत त्यामुळे सार्वजनिक झाली आहे, आणि ते स्वागतार्हच होय. पण जे सर्वांचे, त्याची जबाबदारी कोणाचीच नाही, असाही त्याचा अर्थ झाला आहे. कोणीही कोणत्याही प्रतीवरून उतारा घ्यावा, दुसऱ्याने तो उचलून पुन्हा घासावा, तिसऱ्याने त्याचा आवाज वाढवून पुन्हा प्रसृत करावा, असे चालले आहे. संगीताचे विद्यार्थी आणि अभ्यासक याच उताऱ्यांवरून घराण्यांची चर्चा करतात. विद्यापीठांचे संगीत विभाग, आकाशवाणी आणि शासनाची सांस्कृतिक खाती यांनी निदान स्वतःच्या पैशाने होणाऱ्या कामापुरता तरी दंडक घालावयास हवा. तबकडीवरून घेतलेला पहिला, कोणतीही सफाई न केलेला उतारा कायमचा जतन व्हावा. ऐकण्यासाठी सिद्ध केलेली आवृत्ती त्याहून वेगळी असावी. आणि तिच्यासोबत वेग, सुई, तबकडीचा क्रमांक, केलेले फेरफार आणि ते करणाऱ्याचे नाव द्यावे. नाव छापले की हात आपोआप जपून चालतो, हा ग्रंथसंपादनातला अनुभव येथेही लागू पडेल.

या कामाला खर्च फारसा नाही; लागतो तो वेळ. एकाच तबकडीच्या दोन-तीन प्रती समोर ठेवून, प्रत्येकीचा कमी झिजलेला भाग निवडावा लागतो, आणि त्या प्रती पुणे, मुंबई, कोलकाता येथल्या निरनिराळ्या कपाटांत पडलेल्या असतात. मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने १९९० पासून संग्राहकांना एकत्र आणण्याचे, याद्या आणि माहिती प्रसिद्ध करण्याचे काम केले आहे. त्यामुळे कोणती तबकडी कोणाकडे आहे, याचा माग लागू शकतो. पण हे संग्राहक बहुतेक वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्या पश्चात पुढच्या पिढीला त्या जड, ठिसूळ चकत्यांचे काय करावे हे समजत नाही. कोणी धुण्यासाठी स्पिरिट वापरतो, आणि त्यात लाख विरघळते. कोणी रद्दीवाल्याला बोलावतो.